आईच्या ओढणीचं पॅराशूट

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीत बाटलीत उभा करून सोडलेला बाण तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. सर्रकन वर जातो, फुटतो, आणि त्याची जळकी काडी कुणाच्या तरी गच्चीवर पडते. आज मी ज्या रॉकेटबद्दल बोलणार आहे ते वर जातं आणि परत येतं. पुन्हा सांगते, परत येतं. नवं इंजिन घातलं की त्याच दुपारी पुन्हा उडतं.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचं गाव आहे. तिथे ऑर्व्हिल कार्लाइल यांचं चपलाबुटांचं दुकान होतं, आणि त्यांना नाद होता शोभेच्या दारूचा. भाऊ रॉबर्ट रॉकेटवर व्याख्यानं द्यायचे. भावाला लोकांना काहीतरी उडवून दाखवता यावं म्हणून ऑर्व्हिलनी १९५४ मध्ये पुठ्ठ्याचं आणि हलक्या लाकडाचं एक छोटं रॉकेट केलं. त्याचं नाव ठेवलं ‘रॉक-अ-शूट’. नावातच पॅराशूट आहे बघा. उडवण्याआधी परत आणण्याचा विचार त्या दुकानदाराने करून ठेवला होता.

पुढे १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली पोरं वेडी झाली. नळाचे पाइप कापून त्यात काड्यापेटीचं गूल भरायची. बोटं गेली, डोळे गेले. न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स या रॉकेट-चाचणीच्या तळावर काम केलेले हॅरी स्टाइन यांनी कार्लाइल यांचं रॉकेट पाहिलं आणि ओळखलं, की मुलांच्या हातात द्यायचं ते हेच. इंजिन कारखान्यात तयार झालेलं, अंग पुठ्ठ्याचं, धातू नाही. ती इंजिनं यंत्रावर करायचं काम व्हर्न एस्टेस यांनी अंगावर घेतलं. त्यांनी बनवलेल्या यंत्राचं नाव ‘मेबल’. १९६१ मध्ये एस्टेस यांचा कारखाना कोलोरॅडोतल्या पेनरोझ या छोट्या गावी गेला. त्या कारखान्याचा ‘अल्फा’ नावाचा संच १९६०च्या दशकापासून आजही मुलं जोडतात.

अल्फा म्हणजे जेमतेम फूटभर उंच. पुठ्ठ्याची नळी अडीच सेंटिमीटर जाड, तीन पंख, टोकाला नाक. सगळं मिळून वजन पोस्टकार्डाच्या लहानशा गठ्ठ्याएवढं, पंचवीस ग्रॅमच्या आत. पंख बाल्सा लाकडाचे. पंखाची जी कड हवा कापत जाते, तिच्याशी लाकडाच्या रेषा समांतर हव्यात. रेषा आडव्या आल्या तर पंख पहिल्याच उड्डाणात मोडतो. मग बारीक पॉलिश पेपर, मग लाकडाचा गोंद. आधी गोंदाचा एक पातळ हात द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग दुसरा हात देऊन पंख नळीला टेकवायचा.

झटपट चिकटणारा गोंद या कामाला मला पसंत नाही, आणि मी तो घरात आणत नाही. पूर्वी घरात विरजण लागायचं, मटकी भिजत पडायची, मुलांना कळायचं की काही गोष्टींना रात्र जावी लागते. आता दही पिशवीतून येतं. पंखाचा गोंद रात्रभर सुकू द्या. मूल तक्रार करेल, करू द्या.

इंजिनावर लिहिलेलं असतं, ‘ए८-३’. ‘ए’ म्हणजे एकूण जोर किती. ‘बी’मध्ये त्याच्या दुप्पट, ‘सी’मध्ये ‘बी’च्या दुप्पट. आठ म्हणजे सरासरी आठ न्यूटनचा रेटा. आणि शेवटचा तीन सगळ्यात महत्त्वाचा: इंधन संपल्यावर तीन सेकंदांनी एक छोटा भडका पुढच्या दिशेने होतो, तो नाक ढकलून काढतो आणि पॅराशूट बाहेर पडतं. तो भडका गरम असतो. म्हणून इंजिन आणि पॅराशूट यांच्यामध्ये न पेटणारा कागद चुरगाळून भरायचा. त्याला वाडिंग म्हणतात. तीन-चार कागद, सैल चुरगाळलेले. लक्षात ठेवा: वाडिंग आधी, पॅराशूट नंतर.

या छोट्या इंजिनात घन इंधन असतं, आणि घन इंधन म्हटलं की मला आपले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आठवतात. इंग्लंडातलं काम सोडून ते केरळातल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात आले, घन इंधन आपल्याच देशात तयार व्हावं म्हणून झटले, पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. क्रिकेटपटूंची नावं आपल्या मुलांना पाठ असतात, तसं हेही नाव पाठ असायला हवं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. आम्ही काही वर्षं कोलोरॅडोत होतो. मुलगा नऊ वर्षांचा. त्या उन्हाळ्यात इचलकरंजीहून माझी आई आली होती. आमच्या घरी शिवणकाम. वडील सदरे-लेंगे शिवायचे, आई परकर-पोलकी. नातवाचं मराठी मोडकं, तिला इंग्रजी येत नाही. पहिले आठ दिवस दोघं एकमेकांकडे बघून नुसती हसायची.

मुलगा जेवणाच्या टेबलावर अल्फाचे पंख लावत होता. मी त्याला लाकडाच्या रेषा समजावत होते, त्याला पटत नव्हतं. आईने बाल्साची पट्टी उचलली, उजेडात धरली, बोटाने चाचपली आणि म्हणाली, “हा उभा धागा की गं. कापडासारखंच आहे. आडव्यात कापलं की ओघळतंय.” तिने पट्टी आडव्या बाजूने वाकवून दाखवली, कट्कन मोडली. मुलाला माझ्या अर्ध्या तासात जे कळलं नव्हतं ते त्या आवाजाने कळलं.

रविवारी मैदानावर गेलो. कोलोरॅडोत उन्हाळ्यात गवत काडीसारखं वाळतं, त्यामुळे खाली पत्रा, शेजारी पाण्याची बादली. तीन फुटी सळईवर रॉकेट उभं केलं, वायर पंधरा फूट लांब नेली, बटणाच्या डबीत सुरक्षेची किल्ली घातली, बटण दाबलं. फुस्स करून गेलं ते दिसेनासंच झालं. मग वर एक धुराचा ठिपका, आणि रॉकेट दगडासारखं खाली आलं. एक पंख निखळला. आतून पॅराशूट काढलं तर प्लॅस्टिकचा करपलेल्या भज्यासारखा गोळा. मुलाने घाईत वाडिंगचा एकच कागद घातला होता. तो रडला नाही, पण गाडीत एक अक्षर बोलला नाही.

घरी आल्यावर आईने तो गोळा हातात घेतला, त्याला लोंबणारे सहा दोरे मोजले, आणि आपली बॅग उघडली. आत तिची आकाशी जॉर्जेटची ओढणी होती, नायलॉनची, जुनी, धुऊन धुऊन विरलेली. म्हणाली, “सहा कळ्या घालते. परकराला घालतो तशा.” बसून कळ्या जोडल्या सुद्धा. पण नळी केवढी? अडीच सेंटिमीटर. शिवणी एकावर एक आल्या आणि घडी आत जाईना. मी म्हटलं, कोंबू या. ती म्हणाली, “कोंबलेलं बाहेर येत नाही.” सगळं उसवलं. मग एकाच तुकड्यातून थाळीएवढा गोल कापला. कडेला दुमड घातली तरी जाडी होणार, म्हणून तिने देवापुढची उदबत्ती घेतली आणि तिचं टोक कडेवरून फिरवत गेली. नायलॉनची कड वितळून मिटली, एक धागा सुटला नाही. सहा दोरे खुर्चीच्या पाठीला बांधून सारख्या लांबीचे केले. पंख मुलाने पुन्हा लावला, आणि या वेळी रात्रभर थांबला.

दुसरं उड्डाण. वाडिंग चार कागद, मुलाने मोठ्याने मोजून घातले. घडीवर आईने पावडर भुरभुरली. वर गेलं, आकाशी गोल उघडला, आणि उतरेचना! वाऱ्यावर तरंगत मैदान ओलांडून, कुंपण ओलांडून गेला. आम्ही पाऊण तास चालत होतो. कुंपणापलीकडच्या गवतात सापडला. आई तिथेच उभी राहून म्हणाली, “हवा आत कोंडतेय. थालीपीठाला मध्ये भोक पाडतो ना, तसं पाडायला हवं.”

जुन्या रॉकेटवाल्यांना ही गोष्ट ठाऊक असते: पॅराशूटच्या मध्ये भोक ठेवलं की ते झोके खात नाही, जरा वेगाने उतरतं, वाऱ्याबरोबर लांब जात नाही. आईने ते कुठे वाचलं नव्हतं. तिने बॅगेतून कुंकवाचा करंडा काढला, त्याचं झाकण मधोमध ठेवून पेन्सिलीने गोल मारला, कापला, आणि पुन्हा उदबत्ती फिरवली.

तिसऱ्या वेळी मुलाने किल्ली तिच्या हातात दिली. “आजी, तू दाब.” आकडे त्याने मराठीत मोजले, पाच, चार, तीन, दोन, एक. आईने बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. रॉकेट गेलं, वर आकाशी गोल उघडला, मधल्या भोकातून ऊन दिसत होतं, आणि ते सरळ आमच्याकडे येत राहिलं. पत्र्यापासून वीसेक पावलांवर टेकलं. आई पदर खोचून धावली. त्या दिवशी पाच उड्डाणं झाली, पाचही परत आली.

शाळांतून मुलग्यांनाही शिवण शिकवा असं मी किती वर्षं सांगतेय. बटण लावता येणं ही लहान गोष्ट आहे. कापड कसं वागतं हे हाताला कळणं ही मोठी.

एक सूचना मनापासून करते. ही इंजिनं आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून कुणीही, कुणीही फटाक्यांतली दारू काढून नळीत भरू नका. कार्लाइल आणि स्टाइन यांनी हा सगळा खटाटोप नेमका तेच थांबवण्यासाठी केला. संच मिळाला, जाणकार सोबत असला, परवानगीची जागा असली, तरच उडवा. बटण दाबून रॉकेट गेलं नाही तर किल्ली काढा आणि पूर्ण एक मिनिट जवळ जाऊ नका. पूर्ण एक मिनिट. डोक्यावर ढग खाली असतील, वारा जोरात असेल, तर त्या दिवशी घरी या.

तो अल्फा आमच्या कपाटात आहे. पंखांच्या कडा काळवंडल्यात, नाकाचा रंग उडालाय. ओढणीचं पॅराशूट मात्र आत भरून ठेवलेलं नाही, शेजारी मोकळं टांगून ठेवलंय. घडीत राहिलं की कापड घडीच धरतं आणि वर उघडत नाही. ते उडवायच्या दिवशीच भरायचं. वाडिंग आधी, पॅराशूट नंतर.

नमस्कार.