५५६ मतं पुरली नाहीत

"अलाबामा… २४ मतं… ऑस्कर अंडरवूड!"

१९२४ चा उन्हाळा. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधी जमलेत, आणि त्यांचा गोंधळ रेडिओवरून घरोघरी ऐकू जातोय. राज्यं वर्णानुक्रमे पुकारली जातात, म्हणून दर फेरीत पहिली पाळी अलाबामाची. गव्हर्नर ब्रँडन उठतात आणि आपल्या राज्याचे सिनेटर अंडरवूड यांच्यासाठी तेच वाक्य बोलतात. पुढेपुढे तर प्रेक्षकही त्यांच्या सुरात सूर मिसळू लागले. फेऱ्या किती झाल्या? १०३.

घोडं अडलं होतं एका जुन्या नियमावर. १८३२ पासून या पक्षात उमेदवारीला निम्म्याहून जास्त मतं पुरत नसत. दोन तृतीयांश लागत. १९२४ मध्ये एकूण मतं होती १,०९८, म्हणजे जिंकायला हवीत ७३२. पण समोरच्याला अडवायला? फक्त ३६७. आपला माणूस निवडून आणणं कठीण, दुसऱ्याचा पाडणं सोपं. असा हिशोब असला की माघार कोण घेणार?

एका बाजूला होते विल्यम मॅकअडू. दारूबंदीचे समर्थक, दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या राज्यांचे लाडके. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ, कॅथलिक आणि दारूबंदीच्या विरोधात. कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीय आणि कॅथलिकांच्या द्वेषावर पोसलेल्या गुप्त संघटनेचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही, यावरही सभागृह जवळपास निम्मंनिम्मं फाटलेलं.

मॅकअडूंना हा नियम नवा नव्हता. बारा वर्षांपूर्वी त्यांनी तो स्वतःच्या बाजूने चालताना पाहिला होता.

१९१२, बाल्टिमोर. मिसुरीचे चॅम्प क्लार्क, प्रतिनिधिगृहाचे सभापती, पहिल्या फेरीपासून आघाडीवर होते. दहाव्या फेरीत न्यूयॉर्कची ९० मतं एकगठ्ठा त्यांच्याकडे आली. एकगठ्ठा, कारण न्यूयॉर्कच्या तुकडीत बहुमत जिकडे, सगळीच मतं तिकडे, असा आणखी एक नियम होता. अन् ते बहुमत होतं टॅमनी हॉलचे, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या पक्षयंत्रणेचे, सर्वेसर्वा चार्ल्स मर्फी यांच्या मुठीत. क्लार्क ५५६ वर पोहोचले. स्पष्ट बहुमत! एवढी आघाडी घेतलेल्या माणसाला पक्ष नाकारणार नाही, असंच सगळ्यांना वाटलं. प्रतिस्पर्धी वुड्रो विल्सन तर माघारीच्या तयारीत होते. त्यांना थांबवलं त्यांच्याच गोटातल्या मॅकअडूंनी. दोन तृतीयांश अजून लांब होतं ना!

चौदाव्या फेरीत पक्षाचे तीन वेळचे अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी मर्फीच्या पाठिंब्याचं कारण देत क्लार्कची साथ सोडली. मतं गळू लागली. सेहेचाळिसाव्या फेरीत उमेदवार ठरले विल्सन, आणि नोव्हेंबरात ते राष्ट्राध्यक्ष झाले. मॅकअडू त्यांचे अर्थमंत्री आणि पुढे जावईही.

१९२४ मध्ये मात्र तीच भिंत मॅकअडूंच्या वाटेत आली. खरं तर त्यांना निम्मी मतंही कधी मिळाली नाहीत, त्यामुळे सगळा दोष नियमावर टाकता येत नाही. पण स्मिथ यांना एवढे दिवस चिकटून राहायचं बळ दिलं ते याच नियमाने. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ: पहिल्या फेरीत ३१ मतं मिळालेले जॉन डेव्हिस उमेदवार झाले. आणि नोव्हेंबरात रिपब्लिकन पक्षाच्या कूलिज यांच्याकडून सपाटून हरले.

१९३२ मध्ये उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या माणसांनी नियम बदलायचा घाट घातला. डाव मांडल्यावर नियम बदलता? ओरड झाली, त्यांनी हात आखडता घेतला. पहिल्याच फेरीत निम्म्याहून कितीतरी जास्त मतं मिळूनही रूझवेल्टना चौथ्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. त्या फेरीत कॅलिफोर्नियाची मतं रूझवेल्टना मिळाल्याचं जाहीर करायला उभे राहिले… पुन्हा मॅकअडूच.

नियम गेला तो १९३६ मध्ये, फिलाडेल्फियाला. रूझवेल्ट यांच्यासमोर पक्षात आव्हानच नव्हतं, त्यामुळे बदलाने त्या वर्षी कोणाचाच पत्ता कापला जाणार नव्हता. दक्षिणेकडच्या राज्यांनी कुरकुर केली, कारण एक तृतीयांशाचा अडसर हे त्यांचं शतकभराचं हत्यार होतं. तरी नियम रद्द झाला.

तो रद्द करणाऱ्या नियम-समितीचे अध्यक्ष होते मिसुरीचे सिनेटर बेनेट क्लार्क. बाल्टिमोरला ५५६ मतं घेऊन हरलेल्या चॅम्प क्लार्कचा मुलगा.