कार्ल्याच्या लेण्यातला ठेका

नमस्कार, श्रोतेहो. चित्रकलेच्या वर्गात ‘लय’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला, तेव्हा मला तो उसना वाटला होता. लय गाण्यात असते, ती डोळ्यांना कशी दिसणार? उत्तर मिळालं ते कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे कातळात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात.

एकवीरा आईच्या देवळापाशी कोळी बांधवांचे ढोल वाजत असतात. तो आवाज कानात घेऊनच आपण शेजारच्या लेण्यात शिरतो. लांबी सुमारे ३८ मीटर, आणि दोन्ही बाजूंना १५-१५ खांबांची रांग. तळाशी घट, वर अष्टकोनी खांब, त्यावर उलट्या घंटेसारखी बैठक आणि माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती. खांब, अंधार, खांब, अंधार. चार पावलं टाकलीत की पुढचा खांब कधी येणार हे शरीरालाच कळायला लागतं. तबल्याच्या ठेक्यावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अशीच तर आधी जाणवते.

आता गंमत बघा. हे खांब सगळे एकाच्या पैशातून झालेले नाहीत. कित्येकांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. हत्तींवरच्या जोड्याही एकसारख्या नाहीत. कुठे स्त्री-पुरुष, तर कुठे दोघी स्त्रियाच. अंतर मात्र कुणी मोडलेलं नाही. ठेका पक्का असला की गवयाला हवी तेवढी मोकळीक मिळते, तसंच हे. सगळे हत्ती साच्यातून काढल्यासारखे असते, तर मी पाचव्या खांबानंतर वर बघितलंच नसतं.

मान वर करा. छताला सागवानी लाकडाच्या कमानी आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या. कातळाच्या छताला त्यांच्या आधाराची काहीच गरज नाही! पण त्या खांबांपेक्षा दाट बसवल्या आहेत. खालच्या बाजूला संथ विलंबित चाललेलं असताना वर जणू दुगुन, म्हणजे दुप्पट गती, सुरू आहे.

आणि स्तूपाच्या मागे? तिथले सात खांब अगदी साधे. घट नाही, हत्ती नाही, नुसते अष्टकोन. मला ती या तालातली ‘खाली’ वाटते, म्हणजे जोर न देता हलकी ठेवलेली मात्रा.

कधी गेलात तर मधोमध उभं राहून फोटो काढू नका. डावीकडच्या अरुंद वाटेनं, खांबांच्या मागून, सावकाश चाला. ढोल बाहेर वाजतच असतील.