बस का थांबली? युरोपातल्या लांब पल्ल्याच्या बसविषयी

मंडळी, युरोपात लांबच्या बसचं तिकीट बऱ्याचदा रेल्वेपेक्षा स्वस्त पडतं. पण ते काढताना आपण निघायची आणि पोहोचायची वेळ तेवढी बघतो. मधे बस का थांबणार, हे ठाऊक असेल तर निम्मी चिडचिड वाचते.

पहिलं कारण ड्रायव्हर. युरोपीय संघाच्या ५६१/२००६ या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती सक्तीची. ती दोन तुकड्यांत घेता येते, पण आधी १५ मिनिटं आणि मग ३०, उलट चालत नाही. दिवसभरात चालवायचे तास ९, आठवड्यातून दोनदा १०. टॅकोग्राफ हे यंत्र सगळं नोंदवून ठेवतं, त्यामुळे ‘जरा पुढे जाऊन थांबा की’ म्हणून उपयोग नसतो. रात्री अडीच वाजता पेट्रोल पंपाशी भक्कन दिवे लागतात ते म्हणून. खाली उतरणार असाल तर किती वाजता निघणार हे ड्रायव्हरलाच विचारा आणि नंबर प्लेटचा फोटो काढा. शेजारी त्याच रंगाच्या आणखी दोन-तीन बस उभ्या असू शकतात, आणि डोकी मोजली जातीलच याचा भरवसा नाही. कोट, फोन, पासपोर्ट अंगावरच हवेत. स्वच्छतागृहाला पैसे पडतात, सुटी नाणी ठेवा.

दुसरं कारण सरहद्द. पॅरिसहून लंडनला जाताना कॅले या फ्रेंच बंदरात फ्रान्सची आणि ब्रिटनची, अशा दोन्ही तपासण्या फ्रान्सच्याच भूमीवर होतात. सगळ्यांना उतरावं लागतं. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत राहिला, तर तुमच्यामुळे अख्खी बस खोळंबते. पुढे समुद्राखालच्या बोगद्यातून बसला घेऊन जाणारी रेल्वे ३५ मिनिटं घेते, फेरी बोट साधारण दीड तास. आणि लंडनला उतरल्यावर घड्याळ एक तास मागे. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हे विसरून पुढची बस चुकवणारे कमी नाहीत.

खरी फसगत व्हिसाची. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ब्रिटनला चालत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण हंगेरीतल्या बुडापेस्टहून सर्बियातल्या बेलग्रेडला बसने गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर त्यावर परत आत येता येत नाही, भले तारीख शिल्लक असो.

आता भरपाईचं. युरोपीय संघाच्याच १८१/२०११ या नियमातली ही तरतूद २५० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या नियमित मार्गांना लागू आहे. बस सुटायलाच दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने प्रवास, यांतलं एक निवडता येतं. कंपनीने ही निवडच दिली नाही, तर वर तिकिटाच्या निम्मी रक्कम मागता येते. मेख अशी की मोजला जातो तो सुटण्याचा उशीर. वेळेवर सुटून वाटेत चार तास कोंडीत अडकलात, तर या नियमाखाली भरपाई नाही. म्हणून पुढे विमान गाठायचं असेल तर ते त्याच दिवशीचं घेऊ नका. बस सुटायला उशीर होत असेल तर फलकाचा, वेळ दिसेल असा, फोटो काढा. नंतर तक्रार करताना तोच कामाला येतो.