वाघांनी थांबावं, सिंहांनी थांबू नये

नमस्कार श्रोतेहो. आज आमच्या डेट्रॉइटच्या दोन संघांबद्दल बोलायचंय: बेसबॉलचे टायगर्स, म्हणजे वाघ, आणि फुटबॉलचे लायन्स, म्हणजे सिंह.

गेल्या शनिवारी, 12 ऑक्टोबर 2024 ला, दसरा झाला. आमच्या घरी दसऱ्याला गाडीची पूजा असते. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्यांची चूल गाडीच्या धंद्यावर पेटते, तेव्हा शस्त्र म्हणून दुसरं काय पुजायचं? माझे बाबा सध्या चिंचवडहून आलेत. त्यांनी गराजचं दार वर केलं, थंडीतून वाचलेला परसातला शेवटचा झेंडू ओवला, बॉनेटवर हार ठेवला, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं. मी शेजारच्या सीटवर बसून रेडिओ लावला. दुपारचा एक वाजून गेला होता आणि तिकडे क्लीव्हलंडमध्ये आमच्या टायगर्सचा पाचवा, निकालाचा बेसबॉल सामना सुरू झाला होता.

बाबा म्हणाले, "दसऱ्याला सीमा ओलांडून ओहायोत गेलेत ना तुमचे लोक? मग झालं तर."

नऊपैकी चार इनिंग संपल्या तेव्हा क्लीव्हलंडला एकही रन करता आला नव्हता. पाचवीत आपण 1-0 ने पुढे गेलो. चेंडू तारिक स्कूबलच्या हातात होता. डावखुरा, यंदाचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, 17 इनिंगमध्ये त्याने एक रनसुद्धा दिला नव्हता. आणि मग एक सिंगल, दुसरा, तिसरा. तिन्ही बेस भरले, म्हणजे तिन्ही टप्प्यांवर त्यांचे धावणारे उभे. त्यांच्या होजे रामिरेझला चेंडू अंगावर लागला, म्हणून एक रन फुकट गेला. 1-1. पुढचा लेन थॉमस. पहिलाच चेंडू. रेडिओवर शब्दांच्या आधी त्या मैदानातला आरडाओरडा आला आणि मला कळलं. ग्रँड स्लॅम, चार रन एका फटक्यात. सामना आपण 7-3 ने हरलो, टायगर्सचा हंगाम संपला.

बाबांच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच होता. त्यांनी विचारलं, "दमला होता तर त्याला काढला का नाही? दोन षटकं दुसऱ्याला द्यायची, मग परत आणायचा."

श्रोतेहो, भारतातून ऐकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना हाच प्रश्न पडला असेल, म्हणून सांगते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला विश्रांती देऊन पुन्हा बोलावता येतं. बेसबॉलमध्ये पिचरला एकदा बाहेर काढलं की त्या दिवशी तो परत येऊ शकत नाही. म्हणून पाचव्या इनिंगमध्ये, सामना बरोबरीत असताना, आपला सर्वांत भरवशाचा माणूस कायमचा बाहेर काढायचा हा निर्णय सोपा नसतो. मॅनेजर ए. जे. हिंच यांनी स्कूबलला ठेवलं म्हणून शनिवारपासून लोक त्यांच्यावर तुटून पडलेत. मला ते अजिबात पटत नाही. अख्ख्या ऑगस्ट-सप्टेंबरात या संघाकडे पक्का म्हणावा असा एकच पिचर होता, स्कूबल. 18 विजय, नऊ इनिंगमागे सरासरी 2.39 अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून पिचरच्या नावावर धरले जाणारे रन), 228 स्ट्राइकआउट (पिचरने थेट बाद केलेले फलंदाज). तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला. बाकीच्या दिवशी हिंच एकेका सामन्यात पाच-पाच, सहा-सहा पिचर वापरून, कोणाला एक इनिंग, कोणाला दोन, असं ठिगळं लावत वेळ मारून नेत होते. ज्या माणसामुळे तुम्ही तिथवर पोचलात त्याच्यावर पाचव्या इनिंगमध्ये विश्वास टाकायचा नाही, तर केव्हा टाकायचा?

आणि कुठवर पोचलात तेही पाहा. 10 ऑगस्टला टायगर्स 55 विजय आणि 63 पराभव घेऊन उभे होते. फॅनग्राफ्स या बेसबॉलच्या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या गणितात त्यांची प्लेऑफची शक्यता होती 0.2 टक्के. जुलैअखेरीस जॅक फ्लॅहर्टीसारखा चांगला पिचर त्यांनी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना देऊन टाकला होता. म्हणजे व्यवस्थापनानेही यंदाचा नाद सोडल्यासारखंच होतं. तिथून पुढच्या 44 सामन्यांत 31 विजय! 27 सप्टेंबरला आपल्याच कोमेरिका पार्क मैदानावर शिकागो व्हाइट सॉक्सला हरवून टायगर्सने दहा वर्षांनी प्लेऑफ गाठली. त्याच रात्री व्हाइट सॉक्सचा तो 121 वा पराभव होता, आधुनिक बेसबॉलमधला एका हंगामातला सर्वांत मोठा आकडा.

त्या आकड्याशी माझं एक नातं आहे. मी 2003 च्या उन्हाळ्यात इथे आले. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागातली वीज गेली तेव्हा आमच्या अपार्टमेंटमध्येही अंधार होता आणि शेजारचे आजोबा बॅटरीवरचा रेडिओ घेऊन पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी मला बेसबॉल शिकवला, तोही त्या वर्षी, जेव्हा टायगर्स 119 सामने हरले. ते सारखे अर्नी हार्वेलबद्दल बोलायचे. हार्वेल यांनी चाळीसहून अधिक वर्षं टायगर्सचं समालोचन केलं आणि मी येण्याच्या आदल्याच वर्षी ते निवृत्त झाले. प्रेक्षकांत चेंडू गेला की ते सांगायचे, हा इप्सिलँटीच्या गृहस्थांनी झेलला, हा सॅगिनॉच्या. गाव ते मनानेच घालायचे. पण आजोबा म्हणत, आपल्या गावाचं नाव कधी येतंय याची आम्ही पोरं वाट बघायचो. मी ते समालोचन कधी थेट ऐकलं नाही, तरी मिशिगनमधल्या गावांची नावं मला आधी बेसबॉलमुळे पाठ झाली, नकाशामुळे नंतर.

म्हणून टायगर्सना माझं सांगणं एकच: थांबा. हिवाळ्यात घाईने पैसा उधळू नका. या गावाने उतावळेपणा एकदा भोगलाय. 2011 ते 2014 सलग चार वर्षं टायगर्स आपल्या विभागात पहिले होते. मालक माइक इलिच यांचं वय झालं होतं, त्यांना डोळ्यांदेखत विजेतेपद हवं होतं, आणि त्यांची ती तळमळ खरी होती. 2012 मध्ये फलंदाज प्रिन्स फील्डरला नऊ वर्षांसाठी 21 कोटी 40 लाख डॉलर कबूल केले. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, सॅन फ्रान्सिस्कोने आपल्याला 4-0 ने धुतलं. उद्याची पोरं देऊन आजचे तयार खेळाडू घेत गेले आणि 2017 पर्यंत घर रिकामं झालं. पिचर जस्टिन व्हरलँडर ह्यूस्टनला गेला आणि दोन महिन्यांत तिकडे विजेता झाला. आपण त्या वर्षी 98 सामने हरलो, पुढच्या वर्षी पुन्हा 98, आणि 2019 मध्ये 114.

आता पुन्हा कोवळी फळी उभी राहिली आहे. रायली ग्रीन 24 वर्षांचा आहे. केरी कारपेंटरने याच क्लीव्हलंडमध्ये, दुसऱ्या सामन्यात, त्यांचा पिचर इमॅन्युएल क्लासे याला नवव्या इनिंगमध्ये तीन रनांचा होम रन ठोकला. अख्ख्या नियमित हंगामात त्या क्लासेच्या खात्यावर फक्त पाच अर्न्ड रन होते! हे लोक एकत्र वाढू द्या. एखादा उजव्या हाताचा खंदा फलंदाज जरूर घ्या, पण त्यासाठी शेतातलं बियाणं विकू नका. स्कूबल 2026 पर्यंत आपल्याकडे आहे.

आता रस्ता ओलांडू या. खरंच ओलांडायचा आहे. कोमेरिका पार्क आणि फोर्ड फील्ड यांच्या मध्ये एक ब्रश स्ट्रीट आहे, बस्स. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला सिंह. इथला फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा, फेकायचा, अंगावर अंग आदळायचा अमेरिकन फुटबॉल. शनिवारी टायगर्स हरले आणि रविवारी लायन्स डॅलसमध्ये खेळले. जिंकले 47-9 ने! गेल्या डिसेंबरात याच डॅलसमध्ये शेवटच्या क्षणी दोन गुणांचा डाव आपण यशस्वी केला होता आणि पंचांनी तो रद्द केला होता. 20-19 ने हरलो होतो. कोणत्या खेळाडूने पास घेणारा म्हणून पंचांकडे नोंद केली यावरून तो सगळा गोंधळ झाला होता. या रविवारी प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी धिप्पाड लाइनमन, म्हणजे एरवी समोरच्याला फक्त अडवणारे, पुन्हा पुन्हा पास घेणारे म्हणून पंचांकडे नोंदवले आणि त्यांच्याभोवती डाव रचले. घरात आम्ही टाळ्या वाजवत होतो.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये टाळ्या थांबल्या. आपल्या एडन हचिन्सनने डॅलसचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून डाव चालवणारा, डॅक प्रेस्कॉट याला पकडलं, सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) पूर्ण केला, आणि त्याच झटापटीत त्याचा पाय आपल्याच सहकाऱ्याच्या अंगावर आपटला. नडगीचं हाड मोडलं. टीव्हीवर एकदा दाखवलं, मग दाखवलं नाही. दोन्ही संघांचे खेळाडू गुडघ्यावर बसले होते. त्याच रात्री डॅलसमध्ये शस्त्रक्रिया झाली.

हा मुलगा कोण ते सांगते. प्लिमथचा, म्हणजे आमच्या घरापासून वीस मिनिटांवरचा. मिशिगन विद्यापीठात खेळला, 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर आपल्याकडेच आला. पाच सामन्यांत साडेसात सॅक, अख्ख्या लीगमध्ये पहिला. त्याचं काम काय? समोरच्या क्वार्टरबॅकला विचार करायला वेळ मिळू द्यायचा नाही. त्याला अडवायला समोरून दोघे-दोघे लागतात, म्हणून बाकीच्यांना वाट मोकळी मिळते. तो नसला की क्वार्टरबॅकला एखादा सेकंद जास्त मिळतो, आणि त्या सेकंदात मैदानाच्या मागच्या भागात कोणीतरी मोकळा सुटतोच. दुसऱ्या टोकाचा मार्कस डेव्हनपोर्ट तर सप्टेंबरातच दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर गेलाय. म्हणजे दोन्ही दरवाजे उघडे.

आणि इथे माझं म्हणणं टायगर्सच्या बरोबर उलट आहे. लायन्सने थांबू नये. 5 नोव्हेंबरपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करता येते. तीन आठवडे आहेत. माणूस आणा. लास वेगासच्या मॅक्स क्रॉस्बीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, तो इप्सिलँटीला ईस्टर्न मिशिगनमध्ये शिकला, लोकांना तो घरचाच वाटतो. तो न मिळाला तर तिशी ओलांडलेला, अंगात दोन-तीन महिन्यांचा जोर उरलेला कोणी चालेल. पुढच्या वर्षीचा ड्राफ्टचा हक्क द्यावा लागला तर द्या.

का? कारण फुटबॉलचं घड्याळ वेगळं चालतं. बेसबॉलमध्ये 162 सामने, 55-63 वरूनही वर येता येतं. इथे 17 सामने, दोन वाईट रविवार आले की विभाग हातचा जातो. आपला विभाग बघा: मिनेसोटा 5-0, आपण 4-1, ग्रीन बे आणि शिकागो 4-2. त्यात संघाच्या पगारावर लीगची मर्यादा आहे, यंदा 25 कोटी 54 लाख डॉलर. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफला मे महिन्यात चार वर्षांसाठी 21 कोटी 20 लाखांचा करार मिळाला. अॅमन-रा सेंट ब्राउन आणि पेनी स्यूएल यांचेही मोठे करार झाले. ते तिघांनी कमावलेत. पण दर वर्षी हा बोजा वाढत जाणार आणि कोणाला तरी सोडावं लागणार. आक्रमणाचे डाव रचणारे बेन जॉन्सन यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेण्यासाठी दुसरे संघ गेल्या वर्षीच दारात उभे होते. हे सगळे लोक एकत्र आहेत ते आज.

आणि आमचा वाट बघण्याचा कोटा संपलाय हो. लायन्सचं शेवटचं विजेतेपद 1957 चं. बॅरी सँडर्ससारखा धावणारा दहा वर्षं होता, त्याच्या काळात प्लेऑफचा एकच सामना जिंकला, जानेवारी 1992 मध्ये. 2008 मध्ये 0-16, लीगमध्ये सोळाच्या सोळा हरणारा पहिला संघ. तो हिवाळा मी विसरू शकत नाही. मी सीट बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला होते. दर शुक्रवारी कोणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं आणि फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी माझं झालं. खोक्यात माझा मग, कॅल्क्युलेटर, आणि बाजूच्याने दिलेला लायन्सचा निळा मफलर. तो म्हणाला, घेऊन जा, थंडी आहे. पुढे काही महिन्यांत क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोघी दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या, 2013 मध्ये शहरच गेलं. तो मफलर मी प्रत्येक रविवारी घालत आले. या वर्षी 14 जानेवारीला लॉस एंजेलिसच्या रॅम्सविरुद्ध 24-23 ने जिंकलो, बत्तीस वर्षांनी प्लेऑफचा पहिला विजय, तेव्हा तो मफलर तोंडावर धरून मी रडले. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाविरुद्ध मध्यंतराला 24-7 ने पुढे होतो आणि 34-31 ने हरलो. सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा सामना, एका अर्ध्या डावावर होता!

दिवाळखोरीत गेलेल्या त्याच डेट्रॉइटमध्ये यंदा एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला, तीन दिवसांत पावणेआठ लाख माणसं डाउनटाउनला आली. मी मुलाला घेऊन गेले होते. 2009 मध्ये ज्या रस्त्यांवर संध्याकाळी चिटपाखरू नसायचं तिथे मुलाचा हात सुटू नये म्हणून मला घट्ट धरावा लागत होता.

येत्या रविवारी दुपारी एक वाजता मिनिआपोलिसमध्ये मिनेसोटाच्या वायकिंग्जशी सामना आहे. ते अजून अपराजित आहेत, आठवडाभर विश्रांती घेऊन आलेत, आणि आपण हचिन्सनशिवाय जातोय. माझा अंदाज, आपले धावणारे दोघे, जामिर गिब्ज आणि डेव्हिड मॉन्टगोमेरी, चेंडू हातात ठेवून घड्याळ खातील, म्हणजे आपला डिफेन्स कमी वेळ मैदानात राहील. एका फील्ड गोलने, म्हणजे तीन गुणांनी, जिंकू.

उद्या कोजागिरी आहे, दूध आटवायला ठेवायचंय. झेंडूचा हार बॉनेटवरून काढून बाबांनी गाडीतल्या आरशाला बांधलाय. वाळलाय, पाकळ्या सीटवर पडतात. मी आज सकाळी काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे गं रविवारपर्यंत."