तोंड खाली, गाडी वर

श्रोतेहो, नमस्कार.

आज घाटातल्या गाड्यांविषयी बोलायचं आहे. आत्ताच्या गाड्यांविषयी नाही. आत्ताच्या गाडीत घाट सुरू झाला हे आत बसलेल्याला कानाला दडे बसले की कळतं. मी बोलतोय ती जुनी गाडी. चढ लागला की तिचे सगळ्यात आधी वायपर बंद पडायचे.

खरंच सांगतो. त्या काळी कितीतरी गाड्यांचे वायपर विजेवर चालतच नसत. इंजिन हवा आत ओढतं ना, त्या ओढीवर ते चालायचे. एक बारीक नळी इंजिनापासून वायपरपर्यंत आलेली असायची. सपाटीवर सगळं झकास. पण चढावर ॲक्सिलरेटर दाबून धरला की ती ओढ कमी व्हायची आणि वायपर काचेच्या मधोमध उभे राहायचे. पाऊस कोसळतोय, पुढे वळण आहे, आणि वायपर ठप्प! मग पाय क्षणभर उचलायचा. वायपर दोन झटके मारणार, तेवढ्यात रस्ता नजरेत भरून घ्यायचा, आणि पुन्हा पाय खाली. दिसायला हवं असेल तर वेग सोडायचा, वेग हवा असेल तर दिसणं सोडायचं, असा तो व्यवहार होता.

आणि रस्ते? डोंगरातले जुने रस्ते मोटारींसाठी बांधलेलेच नव्हते. आल्प्स पर्वतातला स्टेल्व्हिओचा प्रसिद्ध घाट घ्या. एका बाजूनं चढताना ४८ वळणं, माथा समुद्रसपाटीपासून पावणेतीन हजार मीटरच्याही थोडा वर. तो रस्ता १८२५ साली पुरा झाला. कार्ल बेंझ यांनी मोटारीचं पेटंट घेतलं १८८६ साली. म्हणजे साठ वर्षं त्या वळणांवरून घोडेच गेले. घोड्याला दम लागणार नाही अशा बेतानं ती वळणं काढलेली. नंतर मोटार आली आणि तिला म्हटलं, आता तू जा.

बरं, गिअर. आज गिअर टाकताना कुणी विचार करत नाही. पण दातेरी चाकं आवाज न करता एकमेकांत बसावीत यासाठीची सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकनं १९२८ साली पहिल्यांदा आणली, आणि त्यानंतरही बरीच वर्षं पुष्कळ गाड्यांच्या पहिल्या गिअरला ती नसायचीच. म्हणजे चढावर दुसऱ्यातून पहिल्यात यायचं तर डबल क्लच मारायचा. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनाला थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. एवढं सगळं होईपर्यंत गाडी थांबायला आलेली असायची. जमलं तर गिअर आवाज न करता बसायचा. नाही जमलं तर ते सगळ्या घाटाला ऐकू जायचं. माझं तर मत आहे की गाडी शिकवताना अजूनही डबल क्लच शिकवावा. उपयोग काही नाही, मान्य आहे. पण कान तयार होतो.

तिसरी गोष्ट उष्णता. ही नीट ऐका, कारण पुढच्या गोष्टीत ती लागणार आहे. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागं. इंजिन पुढं. मागचं पेट्रोल पुढं ओढायला इंजिनाच्या अंगाला एक छोटा पंप. त्या पंपात एक पातळ पडदा, त्याला डायाफ्रॅम म्हणतात. तो वरखाली हलतो आणि पेट्रोल ओढतो. घाटात गाडी हळू, इंजिन तापलेलं, समोरून वारा नाही. मग नळीतलं पेट्रोल नळीतच उकळायचं, त्याची वाफ व्हायची, पंपाला वाफ ओढता येत नाही, की गाडी बंद! मेकॅनिक त्याला सरसकट एअर लॉक म्हणत. इलाज सोपा. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. घाटात कुठंही बॉनेट उघडून, शेजारी दगडावर बसून माणसं निवांत गप्पा मारताना दिसली, की समजायचं, पंपावर फडकं टाकलेलं आहे.

पण फडक्यानं वाफ निवते, फाटलेला पडदा शिवला जात नाही.

आणि इथं माझा मामा येतो.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मामाकडं एक जुनी, युद्धाच्या आधीची गाडी होती. दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फूटबोर्ड, बॉनेट दोन पंखांसारखं बाजूनं उघडणारं. मामा, मामी आणि शाळकरी वयाचा मी, असे घाट चढत होतो. रिमझिम पाऊस. घाट निम्मा झाला असेल नसेल, गाडीनं आचके दिले आणि ती गप्प झाली. मामानं फडकं टाकलं. थांबला. पुन्हा हँडल मारलं. काही नाही. मग पंप खोलला तर डायाफ्रॅम आडवा फाटलेला. वर जायला अजून बराच घाट, खाली जावं तर खाली गॅरेज नाही.

मामानं टूलबॉक्समधून रबरी नळी काढली. टाकीतून पेट्रोल तोंडानं ओढून एका पत्र्याच्या डब्यात घेतलं, थुंकला, पुन्हा थुंकला. डबा माझ्या मांडीवर ठेवला. नळीचं एक टोक डब्यात, आणि दुसरं बॉनेटच्या फटीतून थेट कार्बोरेटरला. पंपाची कटकटच नको. डबा उंच, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपोआप उतरणार. मामी काही बोलली नाही. तिनं फक्त मामाच्या खिशातली काड्यापेटी काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. (हा प्रयोग कुणी करायचा नाही बरं का! मांडीवर उघडं पेट्रोल घेऊन बसणं हा निव्वळ आचरटपणा आहे. तेव्हाही होता.)

गाडी सुरू झाली. सपाट तुकड्यावर मजेत चालली. पण खडा चढ लागला तशी पुन्हा आचके. कारण उघड होतं. चढावर गाडीचं नाक वर होतं, नाकाबरोबर कार्बोरेटर वर जातो, आणि माझ्या मांडीवरचा डबा त्याच्या खाली राहतो. पाणी काय, पेट्रोल काय, खालून वर कसं जाणार? डबा टपावर धरावा तर नळी पुरेना. नळी पुरली असती तरी भाच्याला पावसात टपावर बसवायला मामीनं दिलं नसतं.

मामानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "गाडी फिरव."

म्हणजे स्वतःलाच म्हणाला. वळणावर जरा रुंदी होती. तिथं पुढंमागं करत त्यानं गाडी उलटी फिरवली. नाक दरीकडं, पाठ माथ्याकडं. आणि रिव्हर्स गिअर टाकून घाट चढायला लागला! आता नाक खाली, कार्बोरेटर खाली, डबा वर. पेट्रोल धो धो. शिवाय रिव्हर्स हा अगदी ताकदीचा गिअर. गाडी अशी चढायला लागली की विचारू नका.

ही युक्ती मामाची नव्हे, हे मला फार नंतर कळलं. फोर्डची मॉडेल टी नावाची गाडी होती, १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनल्या. तिला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली, आणि पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनात उतरायचं. टाकी निम्म्याच्या खाली गेली आणि खडा चढ आला, की तिचीही हीच गत. म्हणून जगभर माणसं ती गाडी उलटी करून डोंगर चढत. मामानं हे कुठं ऐकलं होतं की त्याचं त्यालाच सुचलं, विचारायचं राहून गेलं.

तर आमची वरात निघाली. मागची काच पावसानं भरलेली, मामाला मागचं दिसेना. म्हणून मामी खाली उतरली आणि छत्री उघडून रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. पुढं मामी, तिच्या मागं गाडीची पाठ. उजवीकडं घ्यायचं तर छत्री उजवीकडं कलायची, डावीकडं तर डावीकडं. ती लांब दांड्याची काळी छत्री होती, माणसाला टेकायला, कुत्र्याला हाकलायला, गाडीला दिशा दाखवायला सगळ्याला उपयोगी. हल्लीच्या त्या बटण दाबून उघडणाऱ्या, तीन घड्यांच्या छत्र्या, त्यांच्याविषयी मी न बोललेलं बरं. वारा आला की त्या आधी उलट्या होतात आणि मग माणूस भिजतो. असो. गाडीकडं येतो.

वरून एक ट्रक उतरत होता. ट्रकवाल्याला वळणावर काय दिसलं असेल? त्याला दिसली आमच्या गाडीची डिकी. डिकी दिसली म्हणजे गाडी आपल्या पुढं आहे, आपल्याच दिशेनं घाट उतरते आहे, असंच कुणीही समजणार. त्यानं हॉर्न दिला. म्हणजे, जरा लवकर चला. गाडी काही पुढं जाईना. त्यानं पुन्हा हॉर्न दिला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की ही डिकी लांब जात नाहीये, जवळ येतेय. करकचून ब्रेक! क्लीनरनं उडी मारली ती हातात दगड घेऊनच, आणि आमच्या गाडीला ब्रेक लागत नाहीत असं समजून दगड चाकाला लावायला धावला. पण लावायचा कुठल्या बाजूनं? ब्रेक गेलेली गाडी घाट चढत येते, हे त्याच्या डोक्यात बसेना. तो दगड घेऊन तसाच उभा.

रस्ता एका गाडीपुरता. कुणीतरी मागं सरायला हवं. घाटाचा नियम तुम्हाला माहीत आहे. चढणाऱ्याला आधी वाट. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं जास्त अवघड. चढणाऱ्याला आधी वाट!

ट्रकवाला खाली उतरला. आमच्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "बाई, तुमच्या गाडीचं तोंड खाली आहे. तुम्ही उतरताय. मीही उतरतोय. तुम्ही पुढं व्हा, मी मागून येतो."

तर्काला तोड नव्हती. मामाही क्षणभर विचारात पडला. पण मामी म्हणाली, "दादा, गाडीचं तोंड कुठं आहे ते बघू नका. गाडी निघालीय कुठं ते बघा."

ट्रकवाला हसला. क्लीनरला म्हणाला, "टाक तो दगड." आणि एवढा लांबलचक ट्रक त्यानं वरच्या रुंद जागेपर्यंत मागं घेतला. म्हणजे बघा, काही वेळ त्या घाटात दोन गाड्या वर चालल्या होत्या, दोन्ही रिव्हर्समध्ये, आणि मधे छत्री घेतलेली मामी. त्याच्या जवळून जाताना ट्रकवाल्यानं खिडकीतून माझ्या मांडीवरचा डबा पाहिला, आणि तोंडातली विडी घाईघाईनं पलीकडं फेकली.

माथ्यावर पाणी उकळलं. हळू चालणारी गाडी, वारा लागत नाही, दुसरं काय होणार! त्यातून उंचावर पाणी लवकर उकळतं. दर हजार मीटरला साधारण तीन अंशांचा फरक पडतो, आणि जुन्या रेडिएटरला दाब धरणारं झाकणही नसायचं. झाकण लगेच उघडायचं नाही, एवढं तुम्हाला सांगायला नको. गाडी निवू दिली, पाणी घातलं, आणि मामानं गाडी पुन्हा सरळ केली. कारण आता उतार, आणि उतारावर नाक आपोआप खालीच.

उताराविषयी खरं तर बरंच सांगायचं होतं. पण समोर घड्याळ दिसतंय, तेव्हा थोडक्यात. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. पुन्हा सांगतो, ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. जुने ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापायचे, ड्रम फुगून ब्रेक शूपासून लांब जायचा, आणि पेडल खाली जात राहायचं पण गाडी थांबायची नाही. बर्था बेंझ, त्या पेटंटवाल्या कार्ल यांच्या पत्नी, १८८८ साली दोन मुलांना घेऊन मोटारीतून माहेरी निघाल्या, तेव्हा वाटेत उतारांनी लाकडी ब्रेक झिजले आणि त्यांनी एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलं खाली उतरून ढकलत होती ते वेगळंच. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारी जी मंडळी आहेत, ती आजही आहेत, त्यांच्याविषयी माझं मत आकाशवाणीवर सांगण्याजोगं नाही.

मामाच्या गाडीला घाटापलीकडच्या गॅरेजमध्ये नवा डायाफ्रॅम बसला. त्यानंतर एक जादा डायाफ्रॅम टूलबॉक्समध्ये कायम असायचा, तो मामानं ठेवलेला. आणि सीटखाली रबरी नळी असायची, टपापर्यंत पुरेल एवढी लांब. ती मामीनं ठेवलेली.

नमस्कार.