एसटीआय आणि हॉल्ट यांच्यामधली फट

मित्रहो, काम नसताना प्रोसेसर काय करतो? लिनक्समध्ये याचं उत्तर एका छोट्या लूपमध्ये आहे: काम आहे का बघ, नसेल तर झोप, कोणी उठवलं की पुन्हा बघ. या भागातले पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, बरेचदा पाच-दहा ओळींचेच असतात, म्हणून ते भरभर वाचून होकार द्यायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. इथे सगळा जीव ओळींच्या क्रमात असतो.

एक्स८६ वरचं, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांच्या घराण्यातलं, जुनं उदाहरण घेऊ. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारे हार्डवेअरचे इशारे) बंद करतं आणि मग 'नीड रीशेड्यूल' हा फ्लॅग, म्हणजे काम वाट बघतंय अशी खूण, तपासतं. तो लागलेला नसेल तर 'एसटीआय' या इन्स्ट्रक्शनने इंटरप्ट चालू करायचे आणि मग 'हॉल्ट', म्हणजे पुढचा इंटरप्ट येईपर्यंत झोप. आता समजा, या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत इंटरप्ट आला. त्याचा हँडलर, म्हणजे तो हाताळणारा कोड, एखाद्या टास्कला जागं करतो, फ्लॅग लावतो आणि परततो. प्रोसेसरची पुढची इन्स्ट्रक्शन मात्र हॉल्टच! काम दाराशी उभं आणि घरातला माणूस झोपलेला, पुढचा इंटरप्ट येईपर्यंत. यावरची सोय हार्डवेअरमध्येच आहे. बंद असलेले इंटरप्ट 'एसटीआय'ने उघडले, तरी त्यानंतरची एक इन्स्ट्रक्शन पूर्ण होईपर्यंत ते स्वीकारले जात नाहीत. म्हणून एसटीआय आणि हॉल्ट एकमेकांना चिकटूनच हवेत. मध्ये ट्रेसिंगची (काय घडलं याची नोंद ठेवणारी) एखादी निरुपद्रवी ओळ आली तरी फट पुन्हा उघडते. मशीन क्रॅश होत नाही, टेस्टही पास होतात. फक्त कधीतरी एखादं उत्तर उशिरा येतं. असा दोष नंतर शोधण्यात आठवडे जातात, म्हणून तो वाचतानाच पकडायला हवा.

दुसरी गोष्ट कॉमेंटची, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपेची. झोपेच्या प्रत्येक पातळीला, म्हणजे सी-स्टेटला, जागं व्हायला लागणारा वेळ असतो आणि किमान किती वेळ झोपलं तर ती परवडते याचा आकडाही असतो. मागच्या झोपा किती लांबल्या यावरून कर्नलमधला 'गव्हर्नर' हा भाग पुढची पातळी निवडतो. काही जुने चिपसेट प्रोसेसरला वेळेत थांबवत नसत, म्हणून २००२ च्या सुमारास एसीपीआयच्या (वीजव्यवस्थापनाच्या मानकाच्या) कोडमध्ये टायमरचं एक निरर्थक वाचन घातलं गेलं. कॉमेंटमध्ये कारण होतं, पण कोणते चिपसेट ते नव्हतं. वीस वर्षं ते वाचन तसंच चालत राहिलं. २०२२ मध्ये एएमडीच्या झेन प्रोसेसरवर लक्षात आलं, की त्या वाचनात जाणारा वेळ झोपेच्या खात्यात जमा होतोय. मग गव्हर्नरला वाटायचं झोप लांब झाली, तो आणखी खोल पातळी निवडायचा, आणि क्षणात काम क्षणात विश्रांती अशा कामांचा वेग पडायचा.

दुरुस्ती करताना ती ओळ काढली नाही, कारण जुनी मशीन्स कुठेतरी चालू असणारच. फक्त आधी एक तपासणी आली: प्रोसेसर इंटेलचा नसेल तर वाचन करू नकोस. नवे इंटेल प्रोसेसर साधारणपणे 'इंटेल आयडल' हा स्वतंत्र ड्रायव्हर वापरतात, त्यामुळे ते या वाटेला येतच नाहीत.