सीओपीडी रक्तात दिसतो का? सीबीसीच्या रिपोर्टमधला एक आकडा

नमस्कार मंडळी. "बाबा कित्येक वर्षं विड्या ओढतात, आता जिना चढताना धाप लागते. रक्ताची कुठली तपासणी करू, म्हणजे फुप्फुसाचं कळेल?" हा प्रश्न सारखा येतो, म्हणून उत्तर आधीच देतो. सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट कायमची अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार, आहे की नाही हे ठरवणारी रक्ताची तपासणी नाही. त्यासाठी फुंकूनच बघावं लागतं. ती स्पायरोमेट्री, जिला दवाखान्यात बहुतेक जण पीएफटी म्हणतात. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊनही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर श्वासाची वाट अडलेली आहे.

मग रक्त कशाला काढायचं? निदान झाल्यावर कुठलं औषध लागू पडेल, हे ठरवायला रक्ताची खूप मदत होते.

[स्क्रीनवर सीबीसीचा रिपोर्ट]

हा साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. आपण हिमोग्लोबिन बघतो आणि कागद फाइलमध्ये टाकतो. जरा खाली या. इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ४ टक्के. आता वरचा टोटल काउंट, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, बघा, ८,०००. आठ हजाराचे चार टक्के, म्हणजे ३२०. आपल्याला हा ३२० हवाय, टक्के नकोत. कारण टोटल काउंट ५,००० असता तर त्याच चार टक्क्यांचे २०० झाले असते. त्यात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा टोटल काउंट मुळातच थोडा चढा असतो.

ज्यांचा आजार पुन्हापुन्हा उसळतो आणि हा आकडा ३०० किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना स्टिरॉइडचा पंप चांगला उपयोगी पडतो. १०० च्या खाली असेल तर फायदा फारसा नाही, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. सीओपीडीवरची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे 'गोल्ड', हेच सांगतात. २०२४ मध्ये युरोप आणि अमेरिकेत ड्युपिलुमॅब या इंजेक्शनला सीओपीडीसाठी परवानगी मिळाली, तीसुद्धा इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांसाठीच. पण जंत, ॲलर्जी यांनीही हा आकडा वर जातो आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तो पडतो. म्हणून एका रिपोर्टवर जाऊ नका, जुने रिपोर्टही डॉक्टरांना दाखवा. आणि धूम्रपान चालूच ठेवलं तर त्याच पंपाचा गुण कमी येतो, हेही बाबांना सांगा.

फायब्रिनोजेन आणि सीआरपी यांची नावं पॅकेजच्या जाहिरातींत दिसतील. धुरानं फुप्फुसात सूज येते, तिचा निरोप यकृतापर्यंत जातो आणि यकृत ही प्रथिनं जास्त बनवतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं फायब्रिनोजेनला मान्यताही दिली, पण ती औषधांच्या चाचण्यांसाठी योग्य रुग्ण निवडायला. साध्या तापानंही ते वाढतं. सीओपीडी शोधायला यावर पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. स्वीडनमध्ये माल्मो इथं संशोधक कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या तपासत होते. काही पट्ट्यांमध्ये एक रेघच नव्हती. स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरला बरोबर घेऊन त्यांनी ते रुग्ण शोधले. पाच जण होते आणि त्यातल्या तिघांची फुप्फुसं खराब झालेली. हे त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलं. ती गायब रेघ अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची होती. आपल्या पांढऱ्या पेशी इलॅस्टेज नावाचं विकर सोडतात, ते फुप्फुसाची लवचीक जाळी कुरतडतं. अल्फा-१ त्याला पकडून निकामी करतं. सिगारेटचा धूर इथं दोन्हीकडून मारतो. जास्त पांढऱ्या पेशी फुप्फुसात बोलावतो आणि अल्फा-१ च्या ज्या टोकानं इलॅस्टेज पकडलं जातं, तिथलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल ऑक्सिडाइझ करून टाकतो. रक्तात पातळी नॉर्मल असली, तरी धुरानं भरलेल्या फुप्फुसात त्याची पकड सुटते. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी, त्यांनी सिगारेट ओढली तर फुप्फुसं कितीतरी वर्षं आधी जातात. ही कमतरता युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त, आपल्याकडे विरळा. तरी सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी आयुष्यात एकदा व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर नक्की विचारा.

एक शेवटचं, खास आपल्या घरांसाठी. शरीरात निकोटिन गेलं की रक्तात कोटिनिन सापडतं आणि ते काही दिवस राहतं. पण मशेरी लावणाऱ्या आजीच्या रक्तातही ते सापडेल, धुराचा झुरका न घेता. उलट जन्मभर चुलीसमोर बसलेल्या बाईच्या रक्तात कोटिनिन नसेल, आणि सीओपीडी असू शकेल. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं, की धूम्रपान न करणाऱ्यांमध्येही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तेव्हा आईला धाप लागत असेल आणि डॉक्टरांनी फक्त "घरात कुणी विडी ओढतं का?" एवढंच विचारलं, तर चुलीचं तुम्ही आपणहून सांगा, आणि पीएफटी करून मागा.